संत गोन्सालो गार्सिया : आज्ञापालनातून प्रकटलेली श्रद्धा

दरवर्षी ६ फेब्रुवारी रोजी ख्रिस्तसभा संत पॉल मिकी आणि सहकारी हुतात्म्यांचे स्मरण करते. जपानमधील नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर प्राणार्पण केलेल्या या २६ श्रद्धावंतांमध्ये एक आपल्या मातीतले होते. वसईत जन्मलेले बंधू गोन्सालो गार्सिया हे ते हुतात्मे. भारतभूमीत जन्मून संतपदाला पोहोचलेले ते पहिले संत होत. वसई धर्मप्रांताने त्यांना आपले आश्रयदाते मानले आहे. वसईहून नोकरीधंद्यासाठी पिंपरी, चिंचवड, भोसरी व चाकण परिसरात येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांनी त्यांची भक्ती आपल्यासोबत आणली आहे.

संतांच्या चरित्रात आपण बहुधा त्यांचे शौर्य पाहतो. गोन्सालो यांचा क्रूस डोळ्यांसमोर आला की त्यांचे धैर्य आपल्याला थक्क करते. परंतु त्या क्रुसापर्यंत ते कसे पोहोचले, हे पाहिले तर धैर्यापूर्वीचा आणखी एक गुण दिसतो. तो म्हणजे आज्ञापालन. बायबल ज्याला श्रद्धेचे प्रकट रूप मानते, त्या आज्ञापालनाचा विचार या लेखात आपण त्यांच्या जीवनाच्या आधारे करणार आहोत.

बायबलमधील आज्ञापालन

आपल्या मराठी भाषेत एक सुंदर गोष्ट आहे. ऐकणे या एकाच शब्दाचे आपण दोन अर्थ करतो. कानांनी ऐकणे हा पहिला अर्थ आणि सांगितल्याप्रमाणे वागणे हा दुसरा. मूल ऐकत नाही, असे आई म्हणते तेव्हा त्याच्या कानांत दोष आहे असे तिला म्हणायचे नसते. बायबलच्या जुन्या कराराची हिब्रू भाषाही असेच दोन्ही अर्थ एका शब्दात सामावून घेते. इस्राएल लोकांना दररोज म्हणावयास सांगितलेल्या श्रद्धेच्या घोषणेची सुरुवात याच शब्दाने होते (अनुवाद ६:४). देवाचे ऐकणे म्हणजे त्याचा शब्द मनात घेणे आणि त्या शब्दाप्रमाणे पाऊल उचलणे.

श्रद्धावंतांचा पिता मानल्या गेलेल्या अब्राहामाने प्रथम हे पाऊल उचलले. आपला देश, आपले आप्त आणि वडिलांचे घर सोडून जाण्यास देवाने त्याला सांगितले, परंतु कोठे जायचे ते नेमके सांगितले नाही (उत्पत्ती १२). तो निघाला. पुढे इब्री लोकांस पत्राच्या लेखकाने अब्राहामाच्या श्रद्धेचे वर्णन करताना हेच निघणे प्रथम सांगितले (इब्री ११:८). बालक शमुवेलाने रात्री आलेली हाक ऐकली, पण ती कोणाची हे त्याला समजले नाही. वृद्ध एली याजकाच्या मार्गदर्शनाने त्याला ती ओळखता आली (१ शमुवेल ३). शौल राजाने मात्र देवाची आज्ञा मोडली आणि मग यज्ञाची सबब पुढे केली. तेव्हा शमुवेल संदेष्ट्याने त्याला बजावले की परमेश्वराला यज्ञबलीपेक्षा आज्ञापालन अधिक प्रिय आहे (१ शमुवेल १५:२२).

नव्या करारात पवित्र मरियेने देवदूताचा निरोप ऐकला, प्रश्न विचारला आणि मग संपूर्ण होकार दिला (लूक १:२६-३८). तिचा प्रश्न लक्षात ठेवण्याजोगा आहे. प्रश्न विचारणे म्हणजे अवज्ञा नव्हे. प्रभू येशू ख्रिस्ताने गेथशेमाने बागेत आपली मानवी भीती पित्यापासून लपविली नाही, पण शेवटी पित्याची इच्छा स्वीकारली. क्रुसावरील मरणापर्यंत तो आज्ञाधारक राहिला, असे संत पौल सांगतात (फिलिप्पै २:८). रोमकरांस पत्राच्या आरंभी संत पौल श्रद्धेच्या आज्ञाधारकतेविषयीच लिहितात (रोम १:५). म्हणून आज्ञापालन हा श्रद्धेशी नंतर जोडलेला वेगळा गुण मानता येत नाही. श्रद्धा पावलांत उतरली की तिलाच आज्ञापालन म्हणतात.

वसईचा मुलगा

गोन्सालो यांचा जन्म सुमारे १५५६-५७ साली वसई येथे झाला. १५३४ पासून वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. समुद्रालगतच्या किल्ल्यात चर्चे, मठ आणि शाळा उभ्या राहत होत्या. संत फ्रान्सिस झेविअर यांनीही या नगरीला भेटी दिल्या होत्या. गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज आणि आई याच भूमीतील होती. घरात दोन संस्कृती, दोन भाषा आणि एक श्रद्धा असे त्यांचे बालपण होते. एका माणसाचे बोलणे दुसऱ्याला समजावून सांगण्याचे जे काम पुढे त्यांच्या वाट्याला आले, त्याची बीजे अशा घरातच पडली असणार.

वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंची शाळा होती. तेथे गोन्सालो शिकले. फादर सेबास्तियाव गोन्साल्विस या येशूसंघीय धर्मगुरूंनी त्यांना मायेने घडविले. या धर्मगुरूंबरोबर सुमारे १५७२ साली, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, गोन्सालो जपानला निघाले. त्या काळी हा प्रवास अनेक महिन्यांचा होता. वादळे, रोगराई आणि समुद्री चाचे यांच्यामुळे निघालेला माणूस परत येईल याची खात्री नसे. आपले घर आणि आपला देश सोडणारा हा मुलगा, अब्राहामाप्रमाणे, पुढे काय आहे हे न जाणता निघाला.

मिळालेला नकार

संत फ्रान्सिस झेविअर १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले, तेव्हापासून तेथे सुवार्तेचे बीज रुजू लागले होते. गोन्सालो पोहोचले तेव्हा येशूसंघीयांचे कार्य चांगलेच वाढले होते. गोन्सालो यांनी जपानी भाषा लवकर आत्मसात केली. ते धर्मशिक्षक झाले. लोकांना प्रार्थना शिकविणे, बाप्तिस्म्यासाठी तयार करणे आणि धर्मगुरूंचे बोलणे जपानीत समजावून सांगणे ही कामे त्यांनी सुमारे आठ वर्षे केली. मुलांचे आणि साध्या लोकांचे त्यांच्यावर प्रेम होते.

या सर्व वर्षांत त्यांच्या मनात एक इच्छा होती. येशूसंघात प्रवेश घेऊन आपले आयुष्य देवाला वाहावे, असे त्यांना वाटे. त्यांनी तशी विनंती केली, पण त्यांना प्रवेश मिळाला नाही. त्या काळी भारतात जन्मलेल्या, विशेषतः मिश्र वंशाच्या तरुणांना युरोपीय धर्मसंघांत प्रवेश मिळणे अत्यंत कठीण होते. काम त्यांच्याकडून घेतले जाई, पण संघाचे सदस्यत्व मात्र मिळत नव्हते.

चाकण, भोसरी, तळवडे या परिसरात राहणाऱ्या आपल्या वाचकांना ही व्यथा परकी वाटणार नाही. वर्षानुवर्षे तेच यंत्र चालवूनही कायम न झालेला कंत्राटी कामगार आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहे. कायम कामगाराच्या शेजारी उभे राहून तो तेच काम करतो. त्याचा गणवेश वेगळा असतो, वेतन कमी असते आणि करार संपला की पुन्हा नव्या दारावर उभे राहणे त्याच्या नशिबी असते. अशा माणसाच्या मनात कटुता साचणे स्वाभाविक आहे. गोन्सालो यांच्या मनातही दुःख साचले असणारच.

त्यांनी निर्णय स्वीकारला आणि ते येशूसंघीयांच्या सेवेतून बाहेर पडले. श्रद्धा सोडली नाही आणि ख्रिस्तसभाही सोडली नाही. हे स्वीकारणे म्हणजे तो निर्णय योग्य होता असे म्हणणे नव्हे. जन्मावरून माणसाला दूर ठेवणे अयोग्य होते, हे ख्रिस्तसभेने नंतरच्या काळात स्वतःच्या कृतीने मान्य केले आहे. १८६२ साली ज्यांना वेदीचा सन्मान मिळाला, त्यांत हाच दूर ठेवलेला वसईकर होता. माणसांनी बंद केलेले दार पाहून देवाचेच दार बंद झाले, असे गोन्सालो यांनी मानले नाही. येथे त्यांचे ऐकणे दिसते. नकारानंतरही त्यांनी कान उघडे ठेवले.

व्यापारी आणि बंधू

त्यानंतर गोन्सालो व्यापारी झाले. जपानमध्ये त्यांनी व्यवसाय मांडला आणि तो भरभराटीला आला. मकाव, मनिला या बंदरांशी त्यांचे व्यवहार चालत. त्यांना भाषा येत होत्या, माणसांची पारख होती आणि त्यांची सचोटी लोकांना ठाऊक होती. पैसा आला, प्रतिष्ठा आली. एखाद्याने म्हटले असते की देवाने एका दाराऐवजी दुसरे अधिक चांगले दार उघडले, आता येथेच थांबावे.

फिलिपिन्समधील मनिला येथे त्यांचा फ्रान्सिस्कन बंधूंशी परिचय झाला. अनवाणी चालणारे, भिक्षेवर जगणारे आणि रुग्णांची सेवा करणारे हे बंधू पाहून त्यांच्या अंतःकरणातील जुनी हाक पुन्हा जागी झाली. शमुवेलाला हाक एकाहून अधिक वेळा आली होती. प्रत्येक वेळी तो उठून गेला, आणि देवाने त्याला पुन्हा हाक मारली. गोन्सालो यांनीही दुसऱ्यांदा आलेली हाक ओळखली. त्यांनी व्यापार सोडला आणि फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश घेतला.

बंधू म्हणजे धर्मगुरुपद न घेता व्रतस्थ जीवन जगणारा सदस्य. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तिन्ही व्रते तो घेतो. वेदीवर मिस्साबलिदान अर्पण करणे किंवा पापनिवेदन ऐकणे त्याच्याकडे नसते. स्वयंपाक, भिक्षा, रुग्णसेवा, दरवाजावरील पाहुण्यांचे स्वागत ही कामे त्याच्याकडे असतात. स्वतःच्या गोदामाचा धनी असलेला माणूस आता वरिष्ठांनी सांगितलेले काम करू लागला. व्यापारात तो इतरांना आज्ञा देत असे, आता आज्ञा घेऊ लागला. आणि या वेळी त्याला कोणी बळजबरी केली नव्हती. आज्ञापालनाचे व्रत त्याने मोकळ्या मनाने घेतले होते.

दोन राजदरबारांमधला दुभाषा

त्या सुमारास जपानवर तोयोतोमी हिदेयोशी या सेनानीची सत्ता होती. त्याने फिलिपिन्सच्या स्पॅनिश सत्तेने आपले वर्चस्व मान्य करावे अशी मागणी केली होती. मनिलाचे राज्यपाल गोमेस पेरेस दासमारिन्यास यांनी वाटाघाटीसाठी १५९३ साली एक शिष्टमंडळ पाठविले. त्याचे नेतृत्व फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांच्याकडे होते. जपानी भाषा आणि जपानी रीतिरिवाज जाणणारा माणूस त्यांना हवा होता. बंधू गोन्सालो यांना वरिष्ठांनी जाण्यास सांगितले.

ज्या देशात त्यांना नकार मिळाला होता, त्याच देशात आता त्यांना धर्मसंघाचा सदस्य म्हणून पाठविण्यात आले. हिदेयोशीने १५८७ साली मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. तो हुकूम काटेकोरपणे अंमलात आणला जात नसला तरी रद्दही झाला नव्हता. जपान जवळून पाहिलेल्या गोन्सालो यांना या प्रवासातील धोका इतरांपेक्षा अधिक कळत होता. तरीही ते गेले.

हिदेयोशीने त्यांची भेट किऊशू बेटावरील नागोया किल्ल्यात घेतली. आज मोटारनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेले नागोया शहर ते हे नव्हे. कोरियावरील स्वारीसाठी हिदेयोशीने हा किल्ला उभारला होता आणि तेथे त्याचे प्रचंड सैन्य जमले होते. अशा सत्ताधीशासमोर शिष्टमंडळाचे म्हणणे पोहोचविण्याचे काम वसईच्या या बंधूवर आले.

आपल्या औद्योगिक पट्ट्यात दुभाषाचे काम आता अनोळखी राहिलेले नाही. चाकण परिसरात जपानी कंपन्यांचे कारखाने आहेत. पुण्यात जपानी भाषा शिकणाऱ्या तरुण-तरुणींची संख्या मोठी आहे. जपानी अभियंता आणि मराठी कामगार यांच्यामध्ये उभे राहणाऱ्या दुभाषाला ठाऊक असते की हे काम बोलण्याआधी ऐकण्याचे असते. समोरच्याचे म्हणणे पूर्ण ऐकल्याशिवाय एक शब्दही पुढे नेता येत नाही. स्वतःची भर घालता येत नाही, नको असलेला भाग गाळता येत नाही. रागाचे बोलणे गोड करून सांगण्याचा मोह होतो, आणि तो आवरावा लागतो. आज्ञापालनाचे इतके नेमके चित्र दुसऱ्या क्वचितच एखाद्या व्यवसायात आढळेल. बंधू गोन्सालो यांचे हे काम आणि त्यांचे व्रत यांत फारसे अंतर नव्हते.

हिदेयोशीने त्यांना क्योटो येथे राहण्याची अनुमती दिली आणि जागाही दिली. तेथे फ्रान्सिस्कन बंधूंनी चर्च व मठ उभारला, आणि महारोग्यांसाठी संत आन्ना व संत योसेफ यांच्या नावाने रुग्णालये सुरू केली. समाजाने घराबाहेर काढलेल्या रुग्णांची जखम धुणारे हे परदेशी बंधू पाहून अनेकांची मने हलली. ओसाका येथेही त्यांचा एक मठ उभा राहिला.

कोणाची आज्ञा?

येथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख करावा लागेल. १५८५ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी जपानमधील मिशनकार्य येशूसंघाकडे सोपविले होते. फ्रान्सिस्कन बंधूंच्या आगमनाने दोन्ही संघांमध्ये मतभेद झाले. येशूसंघीय हिदेयोशीचा हुकूम लक्षात घेऊन सावधपणे काम करीत. फ्रान्सिस्कन बंधू मात्र आपला झगा घालून उघडपणे प्रार्थना व उपदेश करीत. कोणाची रीत अधिक शहाणपणाची होती, यावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे.

देवाची आज्ञा पाळू इच्छिणाऱ्या चांगल्या माणसांनाही आज्ञेचा अर्थ नेहमी सारखाच लागत नाही, हे यावरून आपल्याला दिसते. म्हणूनच ख्रिस्तसभेत आज्ञापालन प्रार्थना, संवाद आणि वरिष्ठांशी विचारविनिमय यांतून आकार घेते. तरीही परमेश्वराने या मतभेदावर जे उत्तर दिले ते विलक्षण आहे. नागासाकीच्या टेकडीवर सहा फ्रान्सिस्कन आणि तीन येशूसंघीय एकाच रांगेत क्रुसावर उभे राहिले. ज्या संघाने गोन्सालो यांना प्रवेश दिला नव्हता, त्याच्या सदस्यांबरोबर त्यांनी एकाच दिवशी प्राण अर्पण केले.

नागासाकीची वाट

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील मौल्यवान माल हिदेयोशीने जप्त केला. मिशनरी हे स्पॅनिश आक्रमणाची पूर्वतयारी करीत आहेत, असा संशय त्या प्रसंगात बळावला. डिसेंबर महिन्यात ओसाका व क्योटो येथील फ्रान्सिस्कन मठांवर पहारे बसले. हिदेयोशीने मृत्युदंडाचा हुकूम दिला.

जानेवारी १५९७ च्या आरंभी क्योटोमध्ये २४ बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला. नाक आणि दोन्ही कान कापावेत असा मूळ हुकूम होता. अधिकारी इशिदा मित्सुनारी याने तो सौम्य केला. मग त्यांना गाड्यांत बसवून रस्त्यांतून फिरविण्यात आले. क्योटो, ओसाका आणि साकाई या नगरांतून त्यांची धिंड निघाली. नंतर ऐन हिवाळ्यात सुमारे ८०० किलोमीटर अंतरावरील नागासाकीकडे त्यांना नेण्यात आले. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या दोन श्रद्धावंतांनाही पकडण्यात आले आणि हुतात्म्यांची संख्या २६ झाली.

ही सव्वीस माणसे कोण होती? वीस जण जपानी होते. त्यांत सुतार होते, स्वयंपाकी होते, धर्मशिक्षक होते. चार स्पॅनिश होते. सान फेलिपे जहाजावरून धर्मगुरुपदाच्या दीक्षेसाठी मायदेशी निघालेले फेलिपे दे जेझूस हे मेक्सिकोचे होते. आणि गोन्सालो वसईचे. तीन मुलगे होते, त्यांत सर्वांत लहान लुईस इबाराकी बारा वर्षांचा होता. श्रद्धा सोडल्यास जीवदान देऊ, असे त्याला अधिकाऱ्याने सांगितले. त्याने ते नाकारले.

५ फेब्रुवारी रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस तयार होते. बंदिवानांना दोरांनी व लोखंडी कड्यांनी क्रुसांना बांधण्यात आले. परंपरा सांगते की बंधू गोन्सालो पुढे होऊन आपल्या क्रुसाकडे गेले. पॉल मिकी यांनी क्रुसावरून जपानी भाषेत अखेरचा उपदेश केला आणि मारेकऱ्यांना क्षमा केली. मग भाल्यांनी त्यांच्या शरीरांचा वेध घेण्यात आला. बंधू गोन्सालो त्या वेळी सुमारे चाळीस वर्षांचे होते.

आयुष्यभर आज्ञा पाळणाऱ्या या बंधूने अखेरीस देशातील सर्वांत बलाढ्य माणसाची आज्ञा पाळली नाही. श्रद्धा सोडण्यास त्याने नकार दिला. वरवर पाहता हा विरोधाभास आहे. प्रत्यक्षात त्याच्या आज्ञापालनाचा गाभा येथेच दिसतो. प्रेषित पेत्र आणि त्याच्या सहकाऱ्यांना येशूविषयी बोलू नये असा हुकूम मिळाला, तेव्हा त्यांनी मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा श्रेष्ठ मानली (प्रेषितांची कृत्ये ५:२९). दानीएलाच्या पुस्तकातील तीन तरुणांनी राजाच्या मूर्तीपुढे गुडघे टेकले नाहीत (दानीएल ३). देवाचे ऐकावयास शिकलेला माणूस प्रत्येक आवाजापुढे वाकत नाही. कोणत्या आज्ञेला होकार द्यावा आणि कोणत्या आज्ञेला नकार द्यावा, हे त्याला त्या ऐकण्यातूनच कळते.

वेदीचा सन्मान

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ साली या हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केले. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद बहाल केले. या दोन घटनांच्या मधल्या काळात वसईचे जग पालटले होते. १७३९ साली पुण्याच्या पेशव्यांचे बंधू चिमाजी आप्पा यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली. किल्ल्यातील मठ आणि चर्चे ओस पडली. परंतु गावांतील श्रद्धा टिकून राहिली, आणि संताची आठवणही. आज किल्ल्याच्या भग्नावशेषांत त्यांच्या नावाने ओळखले जाणारे चर्च आहे आणि तेथे श्रद्धावंत त्यांचा सण साजरा करतात. वसईजवळील गास येथील धर्मग्राम त्यांच्याच नावाने आहे. निशिझाका टेकडीवर १९६२ साली, संतपदाच्या शताब्दीनिमित्त, हुतात्म्यांचे स्मारक आणि संग्रहालय उभे राहिले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली तेथे जाऊन प्रार्थना केली.

आपल्यासाठी संदेश

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील आपले दिवस भोंग्यावर आणि पाळीवर चालतात. आज्ञा हा आपल्या रोजच्या व्यवहारातला शब्द आहे. सुपरवायझरची आज्ञा, ठेकेदाराची आज्ञा, व्यवस्थापनाची आज्ञा. कामाच्या जागी शिस्त पाळणे, वेळेवर जाणे, हातातील काम प्रामाणिकपणे पूर्ण करणे यांतही देवाचा गौरव आहे. परंतु प्रत्येक हुकूम पाळणे म्हणजे ख्रिस्ती आज्ञापालन नव्हे. उत्पादन वाढावे म्हणून पॉवर प्रेसवरील सुरक्षा-साधन काढून ठेवण्यास सांगितले जाते, तेव्हा शेजारच्या कामगाराची बोटे वाचविणे ही देवाची आज्ञा आहे. न केलेल्या तपासणीची खोटी नोंद करण्यास सांगितले जाते, तेव्हा नम्रपणे नकार देणे हे आज्ञापालन आहे. अशा नकाराची किंमत मोजावी लागते. कंत्राटी कामगाराला ती सर्वांत जड जाते. म्हणून त्याला एकट्याने ती मोजावी लागू नये, हे पाहणे धर्मग्रामातील आपणा सर्वांचे काम आहे.

आपल्या औद्योगिक वसाहतींतील अनेक कारखान्यांत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारच्या मिस्साबलिदानाला जाणे त्यामुळे अनेक कुटुंबांना अवघड होते. अशा वेळी सबब शोधण्यापेक्षा वाट शोधणे श्रद्धेला साजेसे आहे. शनिवार सायंकाळच्या मिस्सामध्ये रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. पाळी बदलून घेण्याची विनंती करता येते. ज्यांना खरोखर शक्य नाही, त्यांनी घरात बायबल उघडून कुटुंबासह प्रार्थना करावी आणि आपल्या धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे.

घरातही आज्ञापालनाचा अर्थ तपासून पाहण्याची गरज आहे. मुलांनी आईवडिलांचे ऐकावे अशी आपली अपेक्षा असते आणि ती योग्य आहे. पण रात्रपाळीहून आलेला पिता मुलाचे दोन शब्द ऐकतो का? आई आपल्या मुलीच्या मनातील भीती ऐकते का? ज्या घरात मोठी माणसे ऐकतात, त्या घरात लहान मुले ऐकावयास शिकतात. धर्मग्रामातही हेच खरे आहे. तमिळ, मल्याळी, कोकणी आणि मराठी बोलणारे आपण सर्व एका वेदीभोवती जमतो. एकमेकांचे ऐकल्याशिवाय आपण एक कुटुंब होऊ शकणार नाही. वसईच्या दुभाषा संताची मध्यस्थी आपण या एकाच कारणासाठी मागितली तरी ती व्यर्थ जाणार नाही.

आणि ज्यांना आयुष्यात नकार मिळाला आहे, ज्यांच्या तोंडावर दार बंद झाले आहे, ज्यांची वर्षे वाट पाहण्यात गेली आहेत, त्यांच्यासाठी बंधू गोन्सालो यांचे जीवन विशेष सांत्वन आहे. देवाच्या सेवेत कायम होण्यासाठी कोणाच्या शिफारशीची गरज नसते. त्याची हाक आली की उठून जाणे एवढेच आपल्या हाती असते.

हे प्रभू परमेश्वरा, तुझा सेवक संत गोन्सालो गार्सिया याला तू तुझा शब्द ऐकण्याचे आणि त्याप्रमाणे चालण्याचे सामर्थ्य दिलेस. आमचेही कान उघड. आमच्या कामात, आमच्या घरात आणि आमच्या वाट पाहण्याच्या काळात तुझी इच्छा ओळखण्याची कृपा आम्हाला दे. सत्यासाठी उभे राहण्याचे धैर्य आम्हाला दे आणि दुर्बळांच्या पाठीशी आम्हाला उभे कर. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे. आमेन.